कुंकू लावणारी आजी नेमकी कोण? सिन्नर तालुक्यातल्या एका घराण्याचा कागदोपत्री शोध

नाशिक रोडला राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेचं हे प्रकरण. भाऊबंदकी अजून नांदती आहे आणि जमिनीला सध्या भाव आहे, त्यामुळे नाव, आडनाव, गाव यातलं काहीच देत नाही. त्यांना नुसतं ताई म्हणतो. माझा यातला भाग मोडी वाचून देण्याचा आणि कुठल्या कचेरीत काय मागायचं ते सांगण्याचा. बाकी पायपीट ताईंची आणि त्यांच्या पुतण्याची.

ताईंच्या घरात एक गोष्ट पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. पणजोबा पहिल्या महायुद्धात फौजेत गेले, ‘तिकडं बसऱ्याला’ (आजच्या इराकमध्ये) गेले, आणि परत आलेच नाहीत. तार नाही, पत्र नाही, पेन्शन नाही. पणजी मात्र मरेपर्यंत कुंकू लावत राहिली. धनी गेला असं मला कोणी येऊन सांगितलंय का, मग कुंकू कशाला पुसू, असं ती म्हणायची. ताईंना हे त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं. वडिलांचा जन्म १९३१ चा आणि कुंकू लावणारी ती म्हातारी त्यांनी स्वतः पाहिलेली. तेव्हा ऐकीव म्हणून झटकून टाकावी अशी ही गोष्ट नव्हती.

दुसरा गुंता आडनावाचा. ताईंचं आडनाव सिन्नर तालुक्यातल्या एका गावाच्या नावाला ‘कर’ लागून झालेलं आहे. पण खुद्द त्या गावात या आडनावाचं एकही घर नाही. यात खरं तर नवल काही नाही. गावात राहणारा माणूस स्वतःला कशाला गावकर म्हणवेल? ते नाव गाव सोडून शहरात आलेल्याला चिकटतं. ताईंचे आजोबा नाशिक रोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये लागले ते १९२० च्या दशकात, प्रेस नवी होती तेव्हा. हजेरीपटावर गावाचं नाव हेच आडनाव होऊन बसलं असणार. म्हणजे त्याच्या आधीचं आडनाव वेगळं होतं, आणि ते घरात कोणालाच माहीत नव्हतं.

आधी रामकुंड, मग बाकीचं?

पूर्वजांचा शोध म्हटलं की नाशिकमध्ये जो तो पंचवटीचा रस्ता दाखवतो. ताईही आधी तिथेच गेल्या होत्या. रामकुंडावर तीर्थपुरोहितांच्या घराण्यांकडे यजमानांच्या वह्या आहेत. यात्रेला किंवा अस्थी घेऊन आलेला माणूस वहीत लेख लिहून देतो: आपलं नाव, वडिलांचं, आजोबांचं, भावांची, मुलांची, राहणार कुठले, कशासाठी आलो. पुढच्या वेळी घरातलं जो येईल तो तोच लेख पाहतो आणि खाली आपली भर घालतो. कुठल्या मुलखाचे, कुठल्या गावचे, कुठल्या जातीचे यजमान कुठल्या पुरोहिताकडे, हे वंशपरंपरेनं ठरलेलं असतं. म्हणून घाटावर पाय ठेवल्या ठेवल्या पहिला प्रश्न येतो, ‘गाव कोणतं? आडनाव काय?’

ताईंनी गाव सांगितलं नाशिक आणि आडनाव सांगितलं हल्लीचं. दोन्ही उत्तरं खरी होती आणि दोन्हींचा उपयोग शून्य. पुरोहितांनी त्या आडनावाची पानं काढून दाखवली, ती भलत्याच घराण्याची निघाली. हात हलवत परत यावं लागलं.

माझं मत यावर ठाम आहे. ज्यांना मूळ गाव, जुनं आडनाव आणि निदान पणजोबांचं नाव पक्कं ठाऊक आहे त्यांनी खुशाल आधी वहीकडे जावं, तासाभरात पाच-सहा पिढ्या हाती लागतील. बाकीच्यांनी आधी सरकारी कागद धुंडाळावेत. सरकारनं माणसाची नोंद त्याच्या थोरवीसाठी कधीच ठेवली नाही. ती ठेवली सारा भरला तेव्हा, कर्ज काढलं तेव्हा, शाळेत नाव घातलं तेव्हा आणि मेला तेव्हा. त्यामुळे पाटील-देशमुखांच्या बखरीत ज्याला जागा नाही तो साधा कुणबी कोतवाल बुकात हमखास सापडतो.

शाळा आणि एक जून

सुरुवात ट्रंकेतल्या कागदांपासून केली. आजोबांच्या पेन्शनच्या कागदावर जन्मतारीख होती १ जून १९०५. ही तारीख म्हणजेच एक पुरावा आहे. आपल्याकडे अर्धा महाराष्ट्र एक जूनला जन्मलेला असतो, कारण शाळा जूनमध्ये उघडायची आणि गुरुजी अंदाजानं वर्ष ठरवून महिना उघडण्याचा टाकायचे. म्हणजे आजोबांची तारीख शाळेतून आलेली, आणि शाळा गावातली.

गावची शाळा आता जिल्हा परिषदेची आहे, त्या वेळी ती लोकल बोर्डाची होती. मुख्याध्यापकांनी कपाटावरून जनरल रजिस्टर काढून दिलं. या रजिस्टरांना दाखल-खारीज रजिस्टर असंही म्हणतात. १९१२ साली दाखल झालेल्या मुलांत एक जून १९०५ ची तारीख असलेला, आजोबांचंच नाव असलेला आणि वडिलांचं नावही जुळणारा एकच मुलगा होता. पुढे आडनाव होतं, हल्लीचं नव्हे, दुसरंच. गावातले जे चुलत भाऊबंद ताईंना ‘लांबचे’ म्हणून माहीत होते, त्यांचंच ते आडनाव. रजिस्टराच्या शेवटच्या रकान्यात नाव कमी केल्याची नोंद होती १९१९ च्या सुरुवातीची. चौदाव्या वर्षी मुलगा शाळेतून गेला, कारणापुढे नुसतं ‘गैरहजर’.

जुनं आडनाव मिळालं आणि दार उघडलं. पण १९१९ हे साल माझ्या डोक्यात अडकून राहिलं.

अ.पा.क. आई

भाऊबंदांच्या आजच्या सातबाऱ्यावरून मागे जायचं ठरलं. इथे नवख्या माणसाचं घोडं पेंड खातं, कारण सातबाऱ्यावर गट नंबर असतो आणि जुन्या कागदांत सर्व्हे नंबर. १९४७ च्या कायद्यानं जमिनींचं एकत्रीकरण झालं तेव्हा नंबर बदलले. कुठल्या सर्व्हे नंबरचा कुठला गट झाला हे तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातल्या एकत्रीकरणाच्या उताऱ्यावर कळतं. तिथे लोक त्याला ‘नऊ-तीन, नऊ-चारचा उतारा’ म्हणतात. तो आधी काढावा, नाहीतर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये नुसतं बसून राहायची वेळ येते. नाशिक जिल्ह्यातले बरेच जुने सातबारे आणि फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदी, ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन होऊन आले आहेत. घरबसल्या सुरुवात करायला ते उत्तम, पण एखादं पान पुसट निघालं की मूळ रजिस्टरच बघावं लागतं.

एका कार्यालयात पुतण्याला ‘एवढं जुनं नसतंच’ म्हणून वाटेला लावलं होतं. हे उत्तर निमूट घेऊ नये. महसुली दप्तराची वर्गवारी ठरलेली आहे. ‘अ’ वर्गातलं कायम जपायचं, ‘ब’ वर्गातलं ३० वर्षं, खालच्या वर्गातलं त्याहून कमी. हक्काच्या नोंदी कायम जपायच्या कागदांत मोडतात. नक्कल अर्जावर गाव, सर्व्हे नंबर आणि अंदाजे सालं नीट लिहिली, कोर्ट फी स्टॅम्प लावला की अर्ज सहसा अडत नाही. ‘आमच्या पूर्वजांची माहिती मिळावी’ असा अर्ज मात्र कुठलाच कारकून पुढे सरकवणार नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही.

फेरफार नोंदी आपल्याकडे सुरू झाल्या त्या १९०३ च्या हक्कनोंदणी कायद्यानंतर. त्याच्या मागे वारसाची अशी सलग साखळी मिळत नाही. या गावच्या सुरुवातीच्या नोंदींमध्ये पणजोबांचं नाव ‘ए.कु.मॅ.’ म्हणून आलं, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. त्याच खात्यात त्यांच्या धाकट्या भावाचंही नाव. असा कोणी भाऊ होता हे ताई त्या दिवशी पहिल्यांदा ऐकत होत्या.

मग १९१९ चा फेरफार. मोडीत, घाईच्या हातानं, पण शाई चांगली टिकलेली. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढून घेतात आणि खाली अक्षरं लटकवत जातात, शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा विधिनिषेध नाही. म्हणून अशा नोंदीत आधी ठरावीक शब्द शोधायचे आणि त्यांच्या मधली जागा मग वाचायची. सापडलेले ठरावीक शब्द होते ‘मयत’, ‘वर्दी’, ‘अज्ञान’ आणि ‘परागंदा’. जोडून अर्थ असा निघाला: पणजोबा मयत झाल्याची वर्दी आली. वारस मुलगा, अज्ञान म्हणजे वयात न आलेला. अ.पा.क. आई, म्हणजे अज्ञान पालनकर्ती. सामाईक भाऊ काही वर्षांपासून परागंदा, म्हणजे गाव सोडून बेपत्ता. शेजारीच सावकाराच्या गहाणाचा बोजा.

घरातली गोष्ट इथे पहिल्यांदा डळमळली. परत न आलेला भाऊ होता. पणजोबा मेले होते, आणि ते गावच्या चावडीला पक्कं ठाऊक होतं.

कोतवाल बुकातलं एक पान

मृत्यूची नोंद गाव नमुना १४ मध्ये असते. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात, कारण गावातले जन्म-मृत्यू कोतवाल सांगायचा आणि ते तिथे उतरायचे. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी तालुक्यातालुक्यांत हीच रजिस्टरं बाहेर निघाली, त्यांची पानं स्कॅन झाली. राजकारणाचं काय व्हायचं ते होवो, पण वर्षानुवर्षं गठ्ठ्यात पडलेली रजिस्टरं एकदाची झटकली गेली याचा फायदा ताईंसारख्यांना झाला. पुतण्याचं लक्ष जातीच्या रकान्याकडे होतं आणि ताईंचं नावाच्या. दोघंही एकाच पानावर वाकले होते.

१९१८ च्या ऑक्टोबरचं ते पान. एरवी या गावात महिन्याला दोन-तीन मृत्यू नोंदलेले असायचे. कारणाच्या रकान्यात कधी देवी, कधी पटकी, कधी हगवण. ऑक्टोबरला मात्र ओळी संपत नाहीत. नव्या तारखेला नवं पान घ्यायचीही फुरसत नाही, समासातसुद्धा नावं कोंबलेली. आणि कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द: ताप. सुरुवातीला पूर्ण लिहिलेला, पुढे पुढे लिहिणाऱ्यानं नुसत्या खुणेवर भागवलेलं. पणजोबा त्या खुणांमधले. वय सुमारे ३४. दोन ओळी खाली त्यांची मुलगी, वय ४.

हा इन्फ्लुएन्झा होता. जून १९१८ मध्ये तो मुंबईत शिरला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दुसऱ्या लाटेनं मुंबई इलाखा झोडपला. हिंदुस्थानात त्यात एक कोटीहून जास्त माणसं गेली असं मानलं जातं. गावपातळीवर या रोगाला वेगळं नाव नव्हतं, म्हणून कागदावर तो ‘ताप’ या सदरात जिरून गेला. ज्यांच्या घराण्यात ‘पणजोबा तरुणपणीच गेले’ एवढंच माहीत आहे, त्यांनी गावच्या नमुना १४ मधला १९१८ चा ऑक्टोबर आधी उघडावा.

जन्माच्या रकान्यांकडून फार आशा ठेवू नये. आजोबांची जन्मनोंद मिळाली, पण तिथे बाळाचं नावच नाही. बापाचं नाव आणि पुढे ‘मुलगा’, बस. बारसं व्हायच्या आत कोतवाल नोंद देऊन मोकळा झालेला. तारीख एक जून नव्हती, हे सांगायला नकोच.

वाचनालयात काय मिळतं, काय मिळत नाही

सार्वजनिक वाचनालय नाशिक, म्हणजे आपलं सावाना, १८४० पासून चालू आहे. तिथे जाऊन पणजोबांचं नाव सापडेल अशी ताईंची अपेक्षा होती. ती सोडा असं मी आधीच सांगितलं. ग्रंथालयात आपलं नाव सहसा सापडत नाही. आपल्याला मिळालेला कागद असा का आहे, ते तिथे कळतं.

उदाहरणार्थ, १८८३ चं नाशिक गॅझेटियर, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला सोळावा खंड. त्यात रयतेची नावं नाहीत. पण नाशिक हा स्वतंत्र जिल्हा १८६९ साली झाला आणि तो अहमदनगर व खानदेशचे तुकडे जोडून झाला, ही गोष्ट तिथून नीट समजते. याचा अर्थ काय? सिन्नरकडच्या माणसाला १८६९ च्या आधीचे कागद शोधायचे तर नाशिक कलेक्टर कचेरीत डोकं आपटून उपयोग नाही, तो माग नगरच्या दप्तराकडे आणि पुण्याच्या पुरालेखागाराकडे जातो. मालेगाव-बागलाणच्या माणसाला खानदेशाकडे बघावं लागतं. असल्या एका वाक्यानं महिनाभराची वणवण वाचते. हे गॅझेटियर राज्याच्या दर्शनिका विभागानं ऑनलाइनही ठेवलं आहे, पण जुन्या नाशिकवरची आणि आसपासच्या गावांवरची लहानसहान मराठी पुस्तकं वाचनालयाच्या कपाटातच भेटतात.

कुलवृत्तांतांचं कपाटही ताईंनी पाहिलं आणि हिरमुसल्या. हा प्रकार मराठीत भरपूर लिहिला गेला, पण मुख्यतः चित्पावन, कऱ्हाडे, देशस्थ घराण्यांनी. शेतकऱ्याच्या, बलुतेदाराच्या घराण्याला तिथे काही मिळण्याची शक्यता थोडी. तरी एकदा चाळावेत, ते वेगळ्या कारणासाठी: त्यातली शकांची, तिथींची, स्थलांतराची मांडणी कशी करायची हे शिकायला मिळतं.

शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं, एवढं गणित वह्यांसाठी पुरतं. पेशवाईतल्या कागदांवर सुहूर सन असतं, तेही अरबी आकड्यांच्या नावांनी. ‘सबा अशर मयातैन व अलफ’ म्हणजे सात, दहा, दोनशे आणि हजार, मिळून १२१७. त्यात ५९९ मिळवा, १८१६-१७ येतं. या प्रकरणात त्याची गरज पडली नाही, पण पुण्याला पेशवे दफ्तरात जायचं ठरलं तर पहिल्याच रुमालात, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यात, ते समोर येणार.

पुन्हा रामकुंड, या वेळी तयारीनं

आता हातात गाव होतं, जुनं आडनाव होतं, पणजोबांचं आणि त्यांच्या भावाचं नाव होतं. एका पुरोहितांनी दुसऱ्यांकडे धाडलं, त्यांच्या वाड्यातल्या लाकडी पेटीतून लांबट वही निघाली आणि घराण्याचं पान फार शोधावं लागलं नाही.

पहिला लेख शके १८११ चा, म्हणजे १८८९-९०. खापरपणजोबा वडिलांच्या अस्थी घेऊन आले होते. त्यांना लिहिता येत नव्हतं, लेख पुरोहितांच्या हातचा मोडी, खाली नांगराची निशाणी. शेतकरी सहीच्या जागी नांगर काढायचा. इथे तो तीन रेघांचा आहे, पण फाळाकडची रेघ दाबून जाड केलेली. लेखात त्यांच्या वडिलांचं आणि आजोबांचं नाव, मूळ राहणार संगमनेर तालुक्यातले, आणि दोन मुलगे. थोरला पणजोबा. धाकटा तो परागंदा भाऊ. एका पानावर वरच्या दोन पिढ्या आणि मूळ मुलूख हाती आला.

दुसरा लेख शके १८५६ चा, १९३४-३५. हा आजोबांनी स्वतः लिहिलेला, देवनागरीत, शाळेत घोटवलेल्या गोल अक्षरात. मातोश्रींच्या अस्थी घेऊन आलो. आईच्या नावापुढे गं. भा., म्हणजे विधवा. खाली बरोबर आलेल्यांची नावं: पत्नी, चि. म्हणून ताईंचे वडील, तेव्हा तीन वर्षांचे, आणि चुलती. चुलतीच्या नावामागे अक्षर होतं ‘सौ.’.

पणजी गेली तेव्हा ताईंचे वडील तीन वर्षांचे. म्हणजे त्यांनी पाहिलेली, त्यांच्या आठवणीतली कुंकू लावणारी आजी ही पणजी असणं शक्यच नाही. ती धाकटी जाऊ. परागंदा दिराची, नव्हे, तिच्या स्वतःच्या परागंदा नवऱ्याची बायको. पणजीनं १९१८ लाच कुंकू पुसलं होतं. घरात दोघींना ‘आजी’च म्हणत. थोरली लवकर गेली, धाकटी प्रेसच्या क्वार्टरमध्ये पुतण्याजवळ, म्हणजे ताईंच्या आजोबांजवळ, पुढे बरीच वर्षं राहिली. नातवंडांनी जी आजी पाहिली तिची गोष्ट सांगितली, पुढच्या पिढीनं ‘आजी’ म्हणजे वडिलांची सख्खी आजी धरून चाललं. गावातल्या एका नव्वदीच्या आजोबांनी ताईंना हेच वेगळ्या शब्दांत सांगितलं: ‘धाकली म्हातारी व्हय? ती सवाष्णच गेली म्हनं. तिला मूलबाळ न्हवतं.’

पण या प्रकरणातला माझ्या लेखी सगळ्यात मोलाचा कागद वहीचा नाही, १९२७ चा फेरफार आहे. त्यात आजोबांच्या परागंदा चुलत्याचं नाव खात्यातून कमी झालेलं आहे. कारण, सात वर्षांवर ठावठिकाणा नाही, सबब मयत धरावा. तेव्हाच्या १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम १०८ अशा गृहीताला आधार द्यायचं. वर्दी देणारे आजोबा, तेव्हा बावीस वर्षांचे. खात्यावर बोजा होता, तो फेडायचा किंवा नवं कर्ज काढायचं तर खातं एका नावावर हवं, यात वावगं काही नाही. एकत्र कुटुंबातल्या निपुत्रिक पुरुषाचा हिस्सा तेव्हा मागे राहिलेल्या पुरुषांकडे जायचा. विधवेला त्यात हिस्सा देणारा कायदा आला १९३७ ला. म्हणजे जमिनीच्या कागदावर चुलता मेला आणि चुलतीला काही मिळालं नाही. आणि सात वर्षांनी त्याच माणसानं, त्याच हातानं, रामकुंडावर तिच्या नावामागे ‘सौ.’ लिहिलं. बारा वर्षं वाट पाहून बेपत्ता माणसाचे अंत्यविधी करण्याची रीत आहे, पण वहीत त्या विधीचा मागमूस नाही. केला असता तर तिचं कुंकू गेलं असतं.

पुतण्याचं म्हणणं, आजोबांनी चुलतीचा हिस्सा गिळला. ताईंचं म्हणणं, त्यांनी तिला आयुष्यभर सांभाळलं. कागद दोघांनाही पुरावा देतात आणि दोघांनाही निकाल देत नाहीत. मी मोडी वाचणारा, मध्ये पडलो नाही. पण १९२७ चा कागद वंशावळीतून गाळायचा नाही, एवढं मात्र मी ताईंकडून कबूल करून घेतलं.

पणजीचं माहेर

राहिली पणजी. या देशातला कुठलाच महसुली कागद बाईचं माहेर विचारत नाही. जुन्या नोंदीत ती ‘कोम’ अमक्याची किंवा ‘भ्र.’ अमका अशी येते, म्हणजे नवऱ्याच्या नावानं ओळखली जाणारी. फेरफारात ती आई, वहीत मातोश्री. तिचा बाप कोण, गाव कोणतं, काही नाही.

ते मिळालं गावच्या घरात, माळ्यावरच्या तांब्याच्या परातीवर. आंदणाच्या भांड्यांवर नाव घालून द्यायची पद्धत नाशिकच्या भांडी बाजारात अजून आहे. टोच्यानं ठिपके ठोकत अक्षर काढतात. परातीच्या काठाला, कल्हईच्या थरांखाली अर्धवट बुजलेली ओळ होती. चिंच-मीठ लावून घासल्यावर ठिपके मोकळे झाले: देणाऱ्याचं नाव, निफाड तालुक्यातलं एक गाव, वैशाख शके १८१८. म्हणजे १८९६ चा उन्हाळा. त्याच साली पुढे पाऊस दगा देऊन गेला आणि १८९६-९७ चा दुष्काळ पडला. लग्न चार महिने पुढे ढकललं असतं तर एवढी वजनदार परात बापाला बहुधा झेपली नसती, आणि आमच्या हाती माहेर लागलं नसतं. घरातली तांब्यापितळेची भांडी मोडीत घालण्याआधी काठ, तळ आणि कडीजवळची जागा बघावी, हे मी आता प्रत्येकाला सांगतो.

अजून लटकलेलं

चुलते खरंच फौजेत गेले का? सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. हीच डिव्हिजन आजच्या इराकमधल्या कुतला वेढ्यात सापडली आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण गेली. मुलूख आणि काळ दोन्ही जुळतात. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या ऑनलाइन यादीत कित्येक हिंदी शिपायांच्या नावापुढे बापाचं नाव आणि गावही असतं. तिथे जुन्या आडनावानं, नव्या आडनावानं, गावाच्या नावानं शोधलं. जुळणारं नाव नाही. पण ती यादी मेलेल्यांची आहे. त्यात नाव नाही म्हणून माणूस फौजेत नव्हता असं होत नाही. ताईंच्या वंशावळीत त्यांच्या नावापुढे ‘१९१९ पूर्वी परागंदा, घरच्या सांगण्याप्रमाणे फौजेत’ असं लिहिलं आहे, आणि मृत्यूचं साल कोरं ठेवलं आहे.

पणजोबांच्या नावापुढे ऑक्टोबर १९१८, ताप. ताईंच्या थोरल्या भावाला हे मान्य नाही. आमचे पणजोबा लढाईत गेले, तापानं नाही, असं त्यांनी घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ठणकावून सांगितलं आणि कोतवाल बुकाचा फोटो उघडूनही पाहिला नाही.

संगमनेरकडचा माग आता अहिल्यानगर जिल्ह्यात जातो. वहीतल्या गावाचं नाव त्या तालुक्यात दोन गावांना आहे, बुद्रुक आणि खुर्द, आणि लेख लिहिणाऱ्या पुरोहितांनी कुठलं ते लिहिलेलं नाही. दोन्ही गावांच्या सर्वात जुन्या हक्कनोंदींसाठी पुतण्यानं अर्ज टाकले आहेत. बुद्रुकचा आला आहे, त्यात हे आडनाव नाही. खुर्दचा यायचा आहे.